वीजवाहिनीतून येणारी रेडिओची खरखर : या चुका टाळा

आकाशवाणीचे पुणे केंद्र मीडियम वेव्हवर ७९२ किलोहर्ट्झला लागते. संध्याकाळी घरातले दिवे लागले की त्याच जागी निवेदकाचा आवाज दबून घरघर ऐकू येऊ लागते, आणि दोष मात्र रेडिओला किंवा केंद्राला दिला जातो. खरा प्रकार निराळा असतो. एलईडी दिव्याचा ड्रायव्हर (त्याला योग्य तेवढी वीज पुरवणारे सर्किट), मोबाइलचा चार्जर, टीव्ही यांच्या आतील स्विच-मोड पुरवठा विजेचा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा तोडत आणि जोडत असतो. या तोडजोडीच्या पटीतील लहरी मीडियम वेव्हच्या पट्ट्यात पडतात, भिंतीतील वायरिंगवर उतरतात आणि ते वायरिंगच अँटेनाचे काम करू लागते.

खरखर ऐकू येताच ती अडवणारा फिल्टर विकत आणणे ही सर्वांत महागडी चूक आहे, कारण उगम कोणता हे ठाऊक नसताना फिल्टर कोठे लावायचा हेच ठरवता येत नाही. आधी रेडिओ बॅटरीवर लावावा. तेवढ्याने आवाज थांबला तर खरखर रेडिओच्या स्वतःच्याच अडॅप्टरची किंवा त्याच्या तारेतून येणारी असते. आवाज चालू राहिला तर घराचा मेन स्विच बंद करावा. येथे बरेच जण फसतात, कारण मेन बंद होताच इन्व्हर्टर आपोआप सुरू होतो, त्याची स्वतःची खरखर येऊ लागते आणि उगम घराबाहेर आहे असा चुकीचा निष्कर्ष निघतो. म्हणून इन्व्हर्टरही बंद करून ऐकावे. आवाज थांबला तर सगळे एमसीबी (वीजफलकावरील सर्किटांचे स्वयंचलित स्विच) बंद करून मेन चालू करावा, मग एकेक एमसीबी चालू करत जावे. ज्या एमसीबीबरोबर आवाज परत येतो, त्याच्यावरील उपकरणे एकेक करून तपासावीत. छतावर सौर यंत्रणा असेल आणि खरखर फक्त दिवसाच येत असेल, तर संशय सौर इन्व्हर्टरवर धरावा.

स्पाइक गार्ड लावल्याने खरखर जाईल, हा समज फार पसरलेला आहे. साध्या स्पाइक गार्डमधील घटक व्होल्टेज एकाएकी खूप वाढले तरच काम करतो. रेडिओ लहरींच्या क्षीण व्होल्टेजला तो जुमानत नाही. स्टॅबिलायझरचेही तेच.

फेराइटचा (लोहाच्या ऑक्साइडपासून बनवलेल्या चुंबकीय पदार्थाचा) उपयोग मात्र खरा आहे, पण तो चुकीच्या रीतीने केला जातो. केबलवर चिमट्यासारखे बसवायचे जे तुकडे मिळतात, ते बहुधा निकेल-झिंक फेराइटचे आणि दहा-वीस मेगाहर्ट्झच्या पुढच्या लहरींसाठी बनवलेले असतात. केबल त्यातून एकदाच गेली तर मीडियम वेव्हवर त्यांचा अडथळा नगण्य असतो. या पट्ट्यासाठी मँगनीज-झिंक जातीची मोठी रिंग घ्यावी आणि तिच्यातून केबल अनेक वेळा ओवावी. अडथळा वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे पाच वेढ्यांचा परिणाम एका वेढ्याच्या सुमारे पंचवीस पट होतो. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्रच ओवले पाहिजेत. एकच तार ओवल्यास उपकरणाच्या ५० हर्ट्झच्या प्रवाहाने रिंग संपृक्त होते, म्हणजे तिचे चुंबकत्व आणखी वाढू शकत नाही, आणि अडथळा गळून पडतो. रिंग रेडिओजवळ नव्हे, तर खरखर करणाऱ्या उपकरणाच्या अगदी जवळ बसवावी. अन्यथा मधली सगळी केबल लहरी फेकतच राहते.

पुढची चूक जिवावर बेतू शकते. फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये सापडेल तो कपॅसिटर जोडणे घातक आहे. तेथे मेन्सवर वापरण्यासाठी प्रमाणित केलेला एक्स-टू वर्गाचा, आणि अर्थिंगकडे जाणारा वाय वर्गाचाच कपॅसिटर लागतो. तयार फिल्टर घेतला तर या निवडीचा प्रश्न सुटतो, अर्थिंगचा सुटत नाही. दोन पिनांच्या सॉकेटवर किंवा अर्थिंग तुटलेल्या घरात असा फिल्टर लावला, तर त्याच्या धातूच्या पेटीवर वाय कपॅसिटरमुळे सुमारे ११५ व्होल्ट येऊन हाताला झिणझिण्या येतात. अनेक फिल्टर एकाच सर्किटवर लावले, तर त्यांच्यातून अर्थिंगकडे गळणाऱ्या प्रवाहांची बेरीज होऊन ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) विनाकारण ट्रिप होऊ लागतो. आधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे.

पंख्याचा वेग सलग फिरवून कमी-अधिक करणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर अर्ध्या वेगावर असताना सर्वांत जास्त गुणगुणतो. त्यावर फिल्टर लावण्यापेक्षा टप्प्याटप्प्याचा कपॅसिटर रेग्युलेटर बसवणे स्वस्त आणि शहाणपणाचे आहे. स्विच दाबताना किंवा सॉकेटला हात लागताच कडकड होत असेल, तर तो रेडिओचा प्रश्न उरत नाही. सैल जोडात ठिणगी पडत असते आणि ती आग लावू शकते, म्हणून असा जोड फिल्टरने झाकू नये, त्याच दिवशी दुरुस्त करून घ्यावा.

घरातील सर्व काही बंद असूनही खरखर राहिली, तर ट्रान्झिस्टर आडवा धरून सावकाश फिरवावा. आतील फेराइट रॉडचे टोक उगमाकडे रोखले गेले की आवाज सर्वांत क्षीण होतो. दोन-तीन ठिकाणांहून अशा दिशा घेतल्या की शेजाऱ्याचे घर की रस्त्यावरचा खांब हे कळते. खांब निघाला तर स्वतः त्याच्या जवळ जाऊन चाचपणी करू नये. वीज कंपनीकडे १९१२ या क्रमांकावर तक्रार द्यावी आणि तीत खांबाचा क्रमांक, वेळ व हवामान यांची नोंद द्यावी. कोरड्या, वाऱ्याच्या दिवसांत वाढून पावसात थांबणारी खरखर सहसा सैल जोडातील ठिणगीची असते, तर दमट हवेत वाढणारी, विशेषतः किनाऱ्यालगत, इन्सुलेटरवर साचलेल्या क्षारांची आणि धुळीची असते.