घरावर मजला चढवायचा की आधी गृहकर्ज फेडायचं? या चुका टाळा

हातात पाच-सहा लाख आले की घरात दोन तट पडतात. कुणाची एफडी पिकलेली असते, कुणाला ग्रॅच्युइटी मिळालेली असते, कुणी गावाकडचा जमिनीचा तुकडा विकलेला असतो. एकाचं म्हणणं, कर्ज फेडून टाका आणि मोकळे व्हा. दुसऱ्याचं, सिमेंट-सळई काही स्वस्त होणार नाही, वरचा मजला आत्ताच काढून घ्या. दोघांचंही पटतं, म्हणून वाद मिटत नाही. तालुक्याच्या गावी दोन गुंठ्यांवर कर्ज काढून बांधलेलं बैठं घर आणि कर्जाची अजून पंधरा वर्षं बाकी, असं घर डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे. फ्लॅटवाल्यांनी यातलं कर्जापुरतं घ्यावं.

माझं मत आधीच सांगतो. वाढीव खोली नेमकी कधी लागणार हे सांगता येत असेल तर बांधा. नसेल तर कर्ज फेडा.

“पुढेमागे लागेलच” म्हणून बांधणं

सगळ्यात जास्त पैसा इथे अडकतो. मुलगा पुण्याला किंवा बंगळुरूला नोकरीला, सून तिकडचीच, आणि इकडे आई-वडील त्यांच्यासाठी वर दोन खोल्या आणि अटॅच बाथरूम बांधून ठेवतात. दिवाळी आणि गणपतीचे आठ दिवस सोडले तर वर कुलूप. हळूहळू तिथे गव्हाची कोठी, जुना कूलर आणि लग्नातली भांडी जाऊन बसतात.

वाढवायचं घर म्हणजे वरचाच मजला, हेही आपण न विचारता धरून चालतो. वास्तविक बऱ्याच घरांत पुढच्या पाच वर्षांत खरी गरज असते ती खाली. वडिलांचे गुडघे गेलेत, आईला रात्री दोनदा उठावं लागतं. त्यांना दहा बाय बाराची खोली, तिला लागून बिनउंबऱ्याचं बाथरूम आणि कमोड हवा. मागच्या मोकळ्या जागेत नियमात बसत असेल तर हे मजल्याच्या मानाने फार कमी खर्चात होतं आणि कर्ज फेडायलाही पैसे उरतात. मजला बांधला तर म्हातारी माणसं त्या जिन्याने चढणार नाहीत, हे जिन्याचे पैसे देण्याआधी लक्षात आलेलं बरं.

पैसे भरले, पण हप्ता कमी करून घेतला

ही चूक बँकेच्या काउंटरवर दोन मिनिटांत होते. समजा २० लाख बाकी आहेत, व्याज ८.५ टक्के आणि मुदत १५ वर्षं. हप्ता साधारण १९,६९५ रुपये येतो. पहिल्या महिन्यात त्यातले १४,१६७ रुपये नुसत्या व्याजात जातात.

आज ५ लाख भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर कर्ज जवळपास ११० महिन्यांत, म्हणजे पावणेसहा वर्षं आधी संपतं. व्याज सुमारे ८.८ लाखांनी वाचतं. तेच ५ लाख भरून हप्ता १४,७७१ वर आणला आणि मुदत १५ वर्षंच ठेवली, तर व्याज वाचतं ३.८६ लाख. दर महिन्याला सुटणारे पाच हजार शिस्तीने बाजूला टाकणार असाल तर गोष्ट वेगळी, पण बहुतेक घरांत ते कुठे जातात ते कळतही नाही.

वेळही महत्त्वाची. हेच ५ लाख दहा वर्षांनी, शेवटची पाच वर्षं उरली असताना भरले तर हप्ता तोच ठेवूनही फक्त पावणेदोन लाखांच्या आसपास व्याज वाचतं. म्हणून कर्जाची सुरुवातीची वर्षं असतील तर फेडीचं पारडं जड. उतरणीला लागलेलं कर्ज असेल आणि खोलीची गरज खरी असेल, तर बांधकामाला हात घालायला हरकत नाही.

चूक झालीच असेल तर शाखेत लेखी अर्ज द्या: हप्ता पूर्वीइतका करा, मुदत कमी करा. नवं परतफेडीचं वेळापत्रक हातात घेऊनच बाहेर पडा आणि शेवटच्या हप्त्याचा महिना तपासा. फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या, दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड लावता येत नाही, रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. कर्ज २०१९ च्या आधीचं असेल तर ते अजून जुन्या एमसीएलआरवरच (बँकेने स्वतः ठरवलेल्या मूळ दरावर) आहे का तेही विचारा. रेपोशी (रिझर्व्ह बँकेच्या दराशी) जोडलेल्या दरावर थोडं शुल्क भरून जाता येतं, आणि कधी कधी त्या एका सहीने जे साधतं ते लाखभर भरूनही साधत नाही.

कर वाचतो म्हणून कर्ज ठेवणं

नवी करप्रणाली २०२३-२४ पासून आपोआप लागू होते आणि तिच्यात स्वतः राहत्या घराच्या व्याजाची वजावट नाही. तरीही “कर वाचतो ना” म्हणणारे भेटतात. जुन्या प्रणालीत असाल तरी राहत्या घराच्या दुरुस्ती-नूतनीकरणासाठीच्या कर्जावर वजावट वर्षाला ३०,००० रुपयांच्या व्याजापुरतीच, आणि राहायला गेल्यानंतर केलेल्या वाढीव कामाच्या मुद्दलाला दीड लाखाची सवलत लागू होत नाही. सीएला बांधकामाआधी भेटा.

“भाड्यातून हप्ता निघेल”

मजल्याला १४ लाख लागले आणि महिना ८,००० भाडं आलं, तर वर्षाचे ९६,००० होतात, म्हणजे परतावा सात टक्क्यांनाही टेकत नाही. त्यातून भाडेकरू बदलतानाचा रिकामा महिना, वाढलेली घरपट्टी आणि रंगरंगोटी वजा करा. तुमचं कर्ज साडेआठने चाललंय. कॉलेज किंवा एमआयडीसीजवळ घर असेल तर गणित बदलू शकतं, पण आकडा शेजाऱ्याकडून न ऐकता तीन भाडेकरूंना विचारून काढा.

“साहेब, फाउंडेशन दोन मजल्यांचं आहे”

मिस्त्री हे छातीठोकपणे सांगतो. घर बांधलं तेव्हा तो तिथे नव्हताच. गच्चीवर जाऊन बघा: कोपऱ्यांत कॉलमच्या सळया वर काढून ठेवलेल्या असतात, त्यांवर कुणी प्लॅस्टिकच्या बाटल्या उलट्या घातलेल्या, एकीला कपडे वाळत घालायची दोरी. दहा पावसाळे खाल्लेल्या सळईवर हातोडी मारली की गंजाचे पापुद्रे सुटतात आणि आतली सळई बारीक झालेली दिसते. नव्या सळईचा जोड सळईच्या जाडीच्या साधारण पन्नास पट लागतो, म्हणजे १२ मिमीच्या सळईला दोन फूट. वर फूटभरच सळई सोडलेली असेल तर तो जोड बसतच नाही. मग जुना कॉलम फोडा किंवा रसायन भरून नव्या सळया रोवा. दोन्ही महाग, आणि दोन्ही कामांवर इंजिनिअरची नजर हवी.

म्हणून आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर. तो स्लॅब-कॉलम तपासेल, एका कॉलमजवळ खड्डा घेऊन फूटिंग, म्हणजे कॉलमचा पाया, उघडून मापेल. दोन मजुरांचं एका दिवसाचं काम. घर भिंतींवर उभं असेल, आरसीसी फ्रेम नसेल, तर ही तपासणी अजिबात टाळू नका. तपासणीत घर नापास झालं तर तुमचा निर्णय आपोआप झाला: पैसे बँकेत भरा.

अर्धं इकडे, अर्धं तिकडे

घरातलं भांडण मिटवायला सहा लाखांचे तीन-तीन करतात. तीन कर्जात जातात, तीनमध्ये कॉलम उभे राहतात आणि काम थांबतं. मग स्लॅबसाठी गृहकर्जावर टॉप-अप (वाढीव कर्ज), टाइल्ससाठी पर्सनल लोन, आणि शेवटी सोनं गहाण. साडेआठचं कर्ज फेडून त्याच्या कितीतरी वरच्या दराचं डोक्यावर घेतलेलं असतं.

ठेकेदार चौरस फुटाचा दर सांगतो तेव्हा जिना, वरची टाकी, विजेचा वाढीव लोड, नवी ड्रेनेज लाइन आणि जुन्या गच्चीवरचं वॉटरप्रूफिंग फोडायचा खर्च त्यात आहे का ते लिहून घ्या. बहुधा नसतो. सिमेंटवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये २८ वरून १८ टक्क्यांवर आला, पण खडी, क्रश सँड आणि मजुरी त्यामुळे उतरत नाही. काम दिवाळीनंतर धरा, म्हणजे मे अखेरीस स्लॅब पडून त्यावर पाणी मारून झालेलं असेल.

काम अडकलंच असेल तर उधार-उसनवार करून रेटू नका. उघड्या सळयांना सिमेंटची स्लरी मारून त्या हलक्या काँक्रीटमध्ये झाका, गच्चीला उतार आणि वॉटरप्रूफिंग द्या, आणि दोन वर्षं थांबा.

जागा कुणाच्या नावावर?

घर तारण आहे, तेव्हा त्यात वाढ करायला बँकेची लेखी संमती लागते. नगरपालिकेची परवानगी वेगळी. मुंबई वगळता राज्यात बहुतेक ठिकाणी डिसेंबर २०२० पासूनची एकत्रित नियमावली लागू आहे, त्यामुळे एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येतं ते) आणि सामासिक अंतरं (हद्दीपासून सोडायची मोकळी जागा) आर्किटेक्टकडून मोजून घ्या. परवानगीशिवाय बांधलेल्या मजल्याला भोगवटा प्रमाणपत्र नाही, आणि विकताना नेमका तोच मजला आडवा येतो.

याहून नाजूक गोष्ट, जागा आजोबांच्या नावावर असणं. खर्च एका भावाने केला तरी मजला जमिनीसोबत जातो, आणि २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत बहिणींचा हक्क भावांइतकाच आहे. “ताई काही मागणार नाही” हे आज खरंही असेल, पण ताईच्या मुलांचं काय? वाटणीपत्र किंवा हक्कसोडपत्र नोंदवून झाल्याशिवाय अशा जागेवर स्वतःचे लाख घालू नका. त्यापेक्षा स्वतःच्या नावावरचं कर्ज फेडणं सुरक्षित.

कर्ज फिटलं, पण उतारा तसाच

कर्ज आधी फेडून मग बांधणारेही इथे अडकतात. शेवटचा हप्ता भरल्यावर बँकेने मूळ कागदपत्रं ३० दिवसांत परत द्यायची असतात. उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, १ डिसेंबर २०२३ पासून तसा नियम आहे. कागद घेताना यादी ताडून बघा, खरेदीखताची मूळ प्रत आणि इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) त्यात हवेत. बेबाकी दाखला घेऊन तलाठी कार्यालयात किंवा सिटी सर्व्हेला अर्ज द्या, आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कांतला किंवा प्रॉपर्टी कार्डावरचा बँकेचा बोजा कमी करून घ्या. सरसाईच्या (तारणांच्या केंद्रीय नोंदवहीच्या) नोंदीतूनही तारण निघालं का ते शाखेला विचारा. हे राहून गेलं तर तीन वर्षांनी मजल्यासाठी दुसऱ्या बँकेत जाल तेव्हा उताऱ्यावर जुनाच बोजा दिसेल आणि फाइल तिथेच अडेल.