वायफाय चालतं, केबल मात्र मेली

रविवारी अपडेटनंतर माझ्या डेबियनवाल्या (म्हणजे लिनक्सच्या) लॅपटॉपचं केबल नेट गेलं. आधी पोर्टजवळचे दिवे बघा. दोन्ही विझलेले असले तर केबल बदला, राउटरचं दुसरं भोक वापरून बघा. अर्ध्या वेळा तिथेच निकाल लागतो. माझा नाही लागला.

मग टर्मिनलमध्ये ‘आयपी लिंक’ (नेटवर्क पोर्टांची यादी). यादीत वायफाय होतं, केबल पोर्टचं ‘ईएनपी’ने सुरू होणारं नाव गायब. म्हणजे कार्ड मेलं? थांबा, ‘एलएसपीसीआय -एनएनके’ चालवा; कोणतं कार्ड कोणत्या ड्रायव्हरवर (कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर) चालतंय ते कळतं. इथे इथरनेट कंट्रोलरची ओळ दिसली, पण तिच्याखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळच नव्हती. कार्ड जिवंत, ड्रायव्हर बेपत्ता.

गुन्हेगार मीच. कधीकाळी हौसेने ‘आर८१६८-डीकेएमएस’ टाकलं होतं: कार्डाचा वेगळा ड्रायव्हर, जो प्रत्येक नव्या कर्नलसाठी (लिनक्सच्या गाभ्यासाठी) पुन्हा बनवावा लागतो. हे पॅकेज एक सेटिंग फाइल टाकून कर्नलमधल्या मूळच्या ‘आर८१६९’ ड्रायव्हरला बाजूला सारतं. आता अपडेटमध्ये आलेल्या नव्या कर्नलचे हेडर्स (ड्रायव्हर बनवायला लागणाऱ्या फाइली) नव्हते, त्यामुळे ‘आर८१६८’ बनलाच नाही आणि ‘आर८१६९’ला दार बंद! ‘डीकेएमएस स्टेटस’मध्ये नव्या कर्नलचं नावच नसेल, तर तुमचंही हेच झालंय.

उपाय: ‘सुडो ॲप्ट पर्ज आर८१६८-डीकेएमएस’. ‘रिमूव्ह’ नको, पर्जच. नाहीतर ती सेटिंग फाइल मागे राहते (यात माझा तास गेला). मग ‘सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू’ (सुरुवातीला लोड होणारी फाइल नव्याने बनते) आणि रीबूट.

हिरवा दिवा लुकलुकला. ‘सुडो ईथटूल’पुढे पोर्टचं नाव देऊन वेग बघितला, तर १०००ऐवजी १०० मेगाबिट. ते केबलचं पाप: गिगाबिटला (१००० मेगाबिटला) केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, माझ्या क्लिपात एक तार सुटलेली.