चोक ओढला की चालू, सोडला की बंद

खानापूरचा पाऊस, त्यात गाडी दोन महिने सोप्यात उभी. बाहेर काढली तर चोक (हवा कमी करून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारा खटका) ओढल्याशिवाय चालूच होईना, चोक सोडला की गप्प. बेळगावात दाखवली तर नुसता स्लोचा (उभ्या गाडीतल्या इंजिनाच्या वेगाचा) स्क्रू पिळून दिला. दुसऱ्या दिवशी परत तेच.

चोकवर चालते म्हणजे एरवी पेट्रोल कमी पडतंय, हे पक्कं. रविवारी पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, उतरवला. खालची वाटी उघडली तर तळाला पाण्याचे थेंब, पिवळट चिकटा आणि शिळ्या पेट्रोलचा आंबूस वास. पायलट जेट, म्हणजे स्लोला पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची नळी, उजेडाला धरलं, आरपार काहीच दिसेना. सुई घालू नका, भोक मोठं होतं. मी वायरीतली तांब्याची एकच तार घातली, क्लीनर मारला, पंपाची हवा दिली. मग तो बारीक गोल उजेड दिसला!

जोडून इंजिन गरम केलं. हवेचा स्क्रू अलगद टेकेपर्यंत आत, मग दीड आटा बाहेर. तिथून पाव-पाव आटा फिरवत आवाज ऐकायचा. सगळ्यात जोरात आणि एकसारखा लागतो तिथं थांबायचं, मग स्लो कमी करायचा. जांबोटीपर्यंत जाऊन आलो, सिग्नललासुद्धा बंद पडत नाही. टाकीतलं जुनं पेट्रोल मात्र आधीच काढून टाका.