मानवी हक्क कायद्याचे संदर्भ ऑनलाइन कसे शोधायचे

शोध सुरू करण्याआधी प्रश्न एका वाक्यात लिहून काढा. ‘पाण्याचा हक्क’ हा विषय झाला. ‘माणशी रोज किती पाणी द्यायचं, हे न्यायालय सरकारला ठरवून देऊ शकतं का?’ हा प्रश्न झाला. विषय घेऊन बसलात तर पानांचा ढीग समोर येतो आणि त्यातलं काय वाचायचं ते कळत नाही. प्रश्न हाताशी असला की नको ते आपोआप गळत जातं. हाच प्रश्न धरून पुढे जाऊ. या क्षेत्रातले बहुतेक मूळ कागद आज फुकट वाचता येतात. त्यातल्या कुठल्या कागदाचं वजन किती, हे मात्र दर वेळी आपणच तपासावं लागतं.

१. मूळ करार वाचा

संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क उच्चायुक्त कार्यालयाच्या संकेतस्थळावर सगळे मुख्य करार आहेत. १९४८चा जागतिक जाहीरनामा तर तिथे ५००हून अधिक भाषांत आहे, मराठीतही. आपल्या प्रश्नासाठी लागतो तो आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांचा १९६६चा करार. कलम ११ उघडा. त्यात अन्न, वस्त्र, निवारा आहे; पाणी हा शब्दच नाही. पुष्कळ जण इथे निराश होऊन थांबतात. थांबू नका.

२. कराराचा अर्थ कोणी लावला ते पाहा

प्रत्येक मुख्य करारासाठी तज्ज्ञांची समिती असते आणि ती ‘जनरल कमेंट’ नावाचे दस्तऐवज काढते. २००२ सालच्या पंधराव्या जनरल कमेंटमध्ये समितीने दाखवून दिलं, की कलम ११ मधली यादी पूर्ण नाही, नमुन्यादाखल आहे. पाणी त्यात धरलंच पाहिजे. पुढे २८ जुलै २०१० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव ६४/२९२ संमत करून पाणी आणि स्वच्छतेचा हक्क मान्य केला. बाजूने १२२ मतं पडली, विरोधात एकही नाही, ४१ देश तटस्थ राहिले. कुठल्या देशाने कसं मत दिलं, ते यूएन डिजिटल लायब्ररीत मिळतं.

मात्र जनरल कमेंट आणि आमसभेचा ठराव यांना मोठा मान असला, तरी ते करारासारखे बंधनकारक नाहीत. लिहिताना ही तिन्ही नावं एका दमात घेऊ नका.

आणखी एक सवय लावून घ्या. संयुक्त राष्ट्रांच्या प्रत्येक कागदाला स्वतःचा क्रमांक असतो. या जनरल कमेंटचा आहे ई/सी.१२/२००२/११. तो रोमन लिपीत जसाच्या तसा संयुक्त राष्ट्रांच्या दस्तऐवज प्रणालीत टाकला की कागद समोर येतो. लिंक बदलतात, तुटतात. क्रमांक कायम राहतो.

३. देश कराराने बांधलेला आहे का, आणि कधीपासून?

इथे घाई अजिबात करू नका. यूएन ट्रीटी कलेक्शनच्या चौथ्या प्रकरणात मानवी हक्कांचे करार आहेत. आपला करार त्यात तिसरा. प्रत्येक करारापुढे देशांचा तक्ता असतो: सही कधी केली, अनुसमर्थन (करार पाळण्याची औपचारिक मान्यता) कधी दिलं. नुसत्या सहीने देश करारातल्या जबाबदाऱ्यांना पूर्णपणे बांधला जात नाही. तक्त्याखाली देशांनी नोंदवलेली आरक्षणं आणि निवेदनंही असतात, म्हणजे अमुक कलम आम्हाला लागू नाही किंवा आम्ही ते अमुक अर्थानेच घेतो. ती वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आपल्या प्रश्नावरचा खटला दक्षिण आफ्रिकेत झाला, म्हणून त्या देशाची ओळ बघू. तिथे सही १९९४ची दिसते आणि अनुसमर्थन थेट २०१५चं. या तारखा लिहून ठेवा, लगेच लागणार आहेत.

४. निकाल शोधा, आणि शेवटपर्यंत शोधा

दक्षिण आफ्रिकेतल्या न्यायालयांचे निकाल ‘सॅफ्ली’ या मोफत संग्रहात आहेत. तिथे ‘मझिबुको’ हे नाव टाका. जोहान्सबर्ग शहर फिरी वस्तीत माणशी रोज २५ लिटर किंवा घरटी महिन्याला ६ किलोलिटर पाणी मोफत देत होतं. ते पुरत नाही म्हणून रहिवासी न्यायालयात गेले. २००८ साली उच्च न्यायालयाने ५० लिटर द्यायला सांगितलं. २००९च्या मार्चमध्ये अपील न्यायालयाने ४२ लिटर ठरवले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये संविधान न्यायालयाने दोन्ही आकडे बाजूला सारले. शहराचं धोरण त्याने वाजवी मानलं आणि लिटर ठरवण्याचं काम न्यायालयाचं नाही अशी भूमिका घेतली.

पहिला निकाल वाचून कोणी थांबलं असतं तर? त्याचं उत्तर बरोबर उलटं आलं असतं, आणि कदाचित ते एखाद्या अर्जात जाऊन कोणाचं तरी नुकसान झालं असतं. म्हणून प्रत्येक निकालाबाबत पुढे अपील झालं का, हे पाहाच. आणि त्या तारखा आठवा: २००९ साली हा देश करारात सामीलच नव्हता. खटला उभा होता तो त्यांच्या स्वतःच्या संविधानातल्या पाण्याच्या हक्कावर, कलम २७वर.

युरोपीय मानवी हक्क न्यायालयाचे निकाल ‘हुडॉक’वर मिळतात. तिथे देश, कलम आणि निकालाचं महत्त्व यांनुसार चाळणी लावता येते. त्या न्यायालयातही चेंबरच्या निकालानंतर ३ महिन्यांच्या आत प्रकरण ग्रँड चेंबरकडे, म्हणजे त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाकडे, नेण्याची विनंती करता येते, म्हणून नवा निकाल अंतिम झाला आहे का ते बघा. आंतर-अमेरिकी आणि आफ्रिकी न्यायालयांची स्वतःची संकेतस्थळं आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या समित्यांपुढच्या वैयक्तिक तक्रारींवरचे निर्णय उच्चायुक्त कार्यालयाच्या वेगळ्या डेटाबेसमध्ये असतात.

५. एखाद्या देशाला काय सांगितलं गेलं?

‘युनिव्हर्सल ह्युमन राइट्स इंडेक्स’ या संयुक्त राष्ट्रांच्या डेटाबेसमध्ये देश आणि विषय निवडा. समित्यांच्या, विशेष प्रतिनिधींच्या आणि देशांच्या मानवी हक्कांच्या ठरावीक काळाने होणाऱ्या आढाव्यातल्या शिफारशी एकत्र दिसतात.

६. लेख आणि चॅटबॉट

अनोळखी देशाची कायदेव्यवस्था समजून घ्यायला न्यूयॉर्क विद्यापीठाचं ‘ग्लोबॅलेक्स’ फार उपयोगी आहे. गूगल स्कॉलरवरचे लेख वाचताना तळटिपा आधी बघा. पुष्कळदा मूळ कागदाचा पत्ता तिथेच सापडतो. चॅटबॉट कधी कधी अस्तित्वात नसलेले खटलेही पूर्ण आत्मविश्वासाने सांगतात. त्याने दिलेलं प्रत्येक नाव आणि क्रमांक न्यायालयाच्या संग्रहात टाकून पाहा. तिथे सापडला नाही आणि दुसऱ्या कुठल्या अधिकृत ठिकाणीही दिसला नाही, तर तो वापरू नका.

७. नोंद

प्रत्येक कागदापुढे चार गोष्टी लिहा: क्रमांक, तारीख, परिच्छेद क्रमांक आणि तुम्ही तो कधी पाहिला. पीडीएफ स्वतःकडे उतरवून ठेवा आणि फाइलला दस्तऐवजाचाच क्रमांक द्या. फाइलच्या नावात तिरकी रेघ चालत नाही, तिथे आडवी रेघ टाका.