गिटारप्रेमींसाठी दूरचित्रवाणी मालिका कशी आखावी

गिटारवरील कार्यक्रम म्हटला की बहुतेकांना दोनच साचे सुचतात, एक स्पर्धेचा आणि दुसरा नव्या वाद्यांची ओळख करून देण्याचा. स्पर्धेत वाजवणाऱ्याच्या हातांपेक्षा परीक्षकांचे चेहरेच जास्त वेळ दिसतात आणि वाद्यांची ओळख दुसऱ्याच भागापासून दुकानदारीकडे झुकते. जळगाव, धुळे किंवा नंदुरबारकडचा जो मुलगा मोबाइलवर पाहून गिटार शिकतो, त्याच्या अडचणींना या दोन्ही साच्यांत जागा नसते. त्याच्यासाठी मालिका आखायची असेल, तर एका भागाला एकच प्रश्न घ्यावा आणि त्या प्रश्नाचे उत्तर निवेदकाच्या बोलण्यातून नव्हे, तर वाद्याच्या आवाजातून मिळेल अशी रचना करावी. पुढील सर्व सूचना या एका अटीवर बेतलेल्या आहेत.

पहिले काम प्रश्न जमवण्याचे. वाद्यांची दुकाने, महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत वाजवणारी मुले, चर्चमधील गायकवृंद, लग्नसराईत ऑर्केस्ट्राबरोबर फिरणारे वादक यांना भेटावे आणि त्यांना वाजवताना नेमके काय अडते ते विचारावे. मिळालेला प्रत्येक प्रश्न एका कसोटीवर घासावा. त्याचे उत्तर डोळे मिटून ऐकणाऱ्यालाही कळेल का? ‘गिटारचा इतिहास काय’ हा प्रश्न या कसोटीवर टिकत नाही. ‘उन्हाळ्यात माझी गिटार खरखरते का’ हा टिकतो, आणि खानदेशात तो हमखास विचारला जातो.

हा उन्हाळ्याचा भाग नमुना म्हणून सविस्तर मांडून पाहू, कारण मालिकेची सगळी रीत त्यात दिसते. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा अनेकदा पंचेचाळिशी ओलांडतो आणि हवा कोरडी होते. लाकडी गिटारला साधारण ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता मानवते. हवा त्याहून बरीच कोरडी झाली की लाकूड आकसते, पुढची फळी किंचित खाली बसते, तारा फ्रेटच्या, म्हणजे मानेवर बसवलेल्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या, जवळ येतात आणि खरखर सुरू होते. मानेवरची लाकडी पट्टीही आकसते, मात्र फ्रेटची धातूची पट्टी तेवढीच राहते, त्यामुळे तिची टोके कडेने बाहेर येऊन बोटांना टोचू लागतात. भागाची सुरुवात थेट याच दृश्याने करावी. वादक मानेच्या कडेवरून अंगठा फिरवतो आहे, कॅमेरा इतका जवळ आहे की कातडी अडकलेली दिसते, आणि मग तो तारेवर एकच आघात करतो व खरखर ऐकू येते. या मिनिटभरात निवेदकाने काही बोलू नये. त्यानंतर कारण सांगावे, आर्द्रतामापक दाखवावा आणि उपाय करून दाखवावा, म्हणजे साबणाच्या डबीला भोके पाडून, त्यात घट्ट पिळलेला स्पंजचा तुकडा ठेवून ती डबी गिटारच्या पेटीत कशी ठेवायची, हे हाताने करून दाखवावे. तीच गिटार काही दिवसांनी पुन्हा वाजवून दोन्ही आवाज पाठोपाठ ऐकवावेत. पावसाळ्यात याच्या उलट घडते. फळी फुगते, तारा वर जातात आणि कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायचे स्वर, धरताना बोटे दुखू लागतात. हा वेगळा प्रश्न असल्याने तो त्याच भागात कोंबू नये. जाता जाता एवढे मात्र सांगून टाकावे की पोलादी तारांच्या गिटारवर सगळ्या तारांचा मिळून ताण सुमारे ७० किलोंच्या घरात असतो, म्हणून उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत गिटार ठेवणे म्हणजे तिच्या सांध्यांची परीक्षा पाहणे होय.

दुसऱ्या प्रकारचे प्रश्न येथील गाण्यांतून मिळतात. आखाजीची म्हणजे अक्षय्य तृतीयेची झोक्यावरची गाणी किंवा श्रावणातील कानबाई देवीची गाणी बायका आपापल्या सुरात म्हणतात. तेथे सुराची पट्टी आधी ठरवून दिलेली नसते, त्यामुळे पुस्तकी कॉर्ड घेऊन बसलेला मुलगा गोंधळून जातो. अशा भागात एखाद्या गाणाऱ्या आजींना त्यांच्या मनाप्रमाणे सुरुवात करू द्यावी आणि वादकाने सूर कसा शोधला ते न कापता दाखवावे. समजा त्यांचा षड्ज, म्हणजे सा, हार्मोनियमच्या काळी चारवर निघाला, तर पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावून जी कॉर्डचा आकार धरता येतो किंवा चौथ्या फ्रेटवर लावून ई कॉर्डचा. दोन्हींचा सूर एकच असतो आणि आवाजाची जात निराळी असते. हे दोन्ही वाजवून आजींनाच विचारावे की त्यांना कोणत्या आवाजावर गायला बरे वाटते. शहरी कार्यक्रमांत लोकगीताला साथ देताना कॉर्डांची इतकी गर्दी करतात की मूळ चाल त्यात बुडून जाते. त्या मोहापासून दूर राहावे, कारण अशा कित्येक गाण्यांना दोन कॉर्ड पुरतात आणि काहींना तर षड्जाची एक तार छेडत राहणेच शोभते.

शास्त्रीय संगीताचा भाग ठेवायचा असेल, तर ब्रिजभूषण काब्रा यांनी आडव्या गिटारवर वाजवलेल्या रागसंगीतापासून सुरुवात करता येईल. १९६७ साली शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासोबत निघालेल्या त्यांच्या ध्वनिमुद्रिकेने हे वाद्य घरोघरी पोचवले. पुढे विश्वमोहन भट्ट यांनी गिटारला तरफेच्या, म्हणजे न छेडता आपोआप झंकारणाऱ्या, तारा जोडून मोहनवीणा घडवली आणि १९९४ साली त्यांना ग्रॅमी पुरस्कार मिळाला. मात्र येथेही प्रश्न आवाजाचाच असावा, जसे की फ्रेटवर बोट दाबून न मिळणारी मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणे, तारेवर सळई सरकवली की कशी मिळते. भुसावळच्या रेल्वे वसाहतीतील जुन्या रहिवाशांकडेही आवर्जून चौकशी करावी. एखादी जुनी गिटार आणि तिची हकीगत तेथे मिळण्याचा संभव आहे, आणि ती मिळाली तर एक भाग आयता उभा राहील.

वेळेचे गणित सोपे आहे. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ मध्ये जाहिरातींसाठी तासाला १२ मिनिटांची मर्यादा घातलेली आहे, त्यामुळे अर्ध्या तासाच्या भागात साधारण २४ मिनिटे हाती धरावीत. त्यातील निदान निम्मा वेळ प्रत्यक्ष वादनाला द्यावा.

चित्रीकरणात सगळ्यात जास्त घोळ हातांच्या बाबतीत होतो. समोरून घेतलेल्या चित्रात वादकाचा डावा हात प्रेक्षकाला उलटा दिसतो. म्हणून एक कॅमेरा वादकाच्या खांद्यामागून, प्रेक्षकाने आपलेच हात पाहावेत अशा कोनातून लावावा. आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्यामुळे सेकंदाला २५ चौकटी (फ्रेम) आणि १/५० सेकंदाचे शटर ठेवले म्हणजे दिव्यांची लुकलुक चित्रात येत नाही. या वेगाला जाड ई तारेची एका चौकटीत दीडपेक्षा जास्त कंपने होतात, कारण ती सेकंदाला सुमारे ८२ वेळा कंप पावते. त्यामुळे ती धूसर पट्ट्यासारखी दिसते, आणि डोळ्यालाही ती तशीच दिसते. शटर फार वेगवान केले, तर मोबाइलच्या कॅमेऱ्यात तारा सापासारख्या वळवळताना दिसतात. पाहणाऱ्याला त्याची गंमत वाटते, पण शिकणाऱ्याचे लक्ष उडते.

आवाजासाठी माइक गिटारच्या मधल्या भोकासमोर ठेवू नये, तेथे नुसता घुमारा येतो. बाराव्या फ्रेटच्या समोर साधारण ३० सेंटीमीटरवर तो ठेवावा आणि पंखा, कूलर बंद करावेत. मे महिन्यात हे सांगणे सोपे आणि करणे अवघड आहे, म्हणून वादनाचे चित्रीकरण सकाळी लवकर उरकावे. इलेक्ट्रिक गिटार असेल, तर त्या जागेचे अर्थिंग आधी तपासून घ्यावे, नाहीतर विजेची गुणगुण भागभर ऐकू येत राहील.

गाण्यांच्या हक्कांचा विचार प्रश्न निवडतानाच करावा. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार काव्य आणि संगीत यांचे हक्क सामान्यतः कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतात. बहिणाबाई चौधरी १९५१ साली गेल्या आणि त्यांच्या कवितांचे पुस्तक पुढच्या वर्षी निघाले, त्यामुळे ते शब्द आता कोणालाही वापरता येतात. त्याच शब्दांना चित्रपटांत लावलेल्या चाली मात्र निराळ्या संगीतकारांच्या असून त्यांचे हक्क वेगळे मोजावे लागतात. यावर उत्तम तोड म्हणजे नवी चाल बांधणे, आणि चाल बांधण्याची प्रक्रिया हाच एका भागाचा विषय होऊ शकतो.

निवेदक गोड बोलणारा नसला तरी चालेल, पण त्याला गिटार जुळवता आली पाहिजे आणि पाहुणा वाजवत असताना गप्प बसता आले पाहिजे. पाहुणे अहिराणीत बोलले, तर त्यांना प्रमाण मराठीकडे ओढू नये. खाली अक्षरे देण्याची सोय असते.

एवढी तयारी झाली की वाहिनीकडे जाण्याआधी एक भाग पुरा करून तो गिटार वाजवणाऱ्या आणि न वाजवणाऱ्या अशा दोन गटांना वेगवेगळा दाखवावा. वाजवणारे कोठे कंटाळतात आणि न वाजवणारे कोठे हरवतात, त्या जागा मिनिटासह टिपून घ्याव्यात. चित्रीकरणाचे वेळापत्रकही ऋतूंवरून बसवावे. आखाजीची गाणी आणि कोरड्या हवेचा भाग वैशाखात, फुगलेल्या फळीचा आणि कानबाईचा भाग श्रावणात घ्यावा लागेल, तेव्हा गाणाऱ्यांच्या लेखी संमतीची आणि जागांच्या परवानग्यांची कामे होळीपूर्वीच हाती घ्यावीत.