ऑस्ट्रेलियाचा ४६२ व्हिसा: नंबर लागायच्या आधीच कागद जमवून ठेवा

आधी एक गोष्ट क्लिअर करून टाकतो कारण ज्याला त्याला हाच गैरसमज असतो. वर्क अँड हॉलिडे व्हिसा म्हणजे पीआर, कायमचं राहायची परवानगी, नाही, आणि कुठल्या कंपनीने स्पॉन्सर केलेला जॉब व्हिसा पण नाही. एक वर्ष ऑस्ट्रेलियात राहा, फिरा, आणि फिरायचा खर्च निघावा म्हणून मधेमधे काम करा, एवढंच. याचा नंबर सबक्लास ४६२. नेटवर ४१७ नंबरचा पण एक दिसेल, तो वर्किंग हॉलिडे, तो आपल्या पासपोर्टवर मिळत नाही, त्याची माहिती वाचत बसू नका. मी दोन रात्री वाचली होती.

भारतीयांसाठी ४६२ उघडला तो दोन्ही देशांच्या व्यापार कराराच्या जोरावर, आणि पहिलं रजिस्ट्रेशन ऑक्टोबर २०२४ मध्ये झालं. जागा वर्षाला फक्त १०००. पहिल्या दोन आठवड्यांतच चाळीस हजारांच्या आसपास लोकांनी नावं टाकली होती, म्हणजे गर्दी किती ते समजा. म्हणून इथे लॉटरी असते, तिला बॅलट म्हणतात. कॉम्प्युटर रँडम नावं उचलतो. तुमचे मार्क, तुमचा अनुभव, तुम्ही पहिल्या दिवशी नाव टाकलं की शेवटच्या, कशाचाच काही संबंध नाही.

त्यामुळे "आमच्याकडून भरा, सिलेक्शन पक्कं" असं कुणी म्हणालं की तिथूनच उलट्या पावली निघा. नाव उचलायचं काम कुठल्याच एजंटच्या हातात नाही. फॉर्म भरायला मदत हवी असेल तर ऑस्ट्रेलियात रजिस्टर्ड असलेला मायग्रेशन एजंट घ्या, पण खरं सांगू का, हा अर्ज स्वतः भरता येतो, इंग्रजी फॉर्म नीट वाचायची सवय असली की झालं.

बॅलटमध्ये नाव टाकायला काय लागतं? वय १८ ते ३०, तीस पूर्ण झाली असली तरी चालतं, ३१ वा वाढदिवस झाला की विषय संपला. भारतीय पासपोर्ट. आणि पॅन कार्ड, हो, पॅन कार्ड लागतं, हे बऱ्याच जणांना ऐन वेळी कळतं. ऑस्ट्रेलिया सरकारच्या होम अफेअर्स खात्याच्या साइटवर इमीअकाऊंट, म्हणजे तिथलं ऑनलाइन खातं, काढायचं, त्यातच बॅलटचा फॉर्म असतो, फी २५ ऑस्ट्रेलियन डॉलर आणि नंबर नाही लागला तरी ती परत मिळत नाही. एका वर्षात एका माणसाचं एकच नाव, दोन ईमेलवरून दोनदा टाकायची हुशारी करू नका. आणि त्यांचं वर्ष १ जुलै ते ३० जून असतं, रजिस्ट्रेशनची खिडकी त्यात थोडेच दिवस उघडी असते आणि तारखा दर वर्षी त्याच असतील असं नाही, तेव्हा साइटवरच लक्ष ठेवायचं, मित्राच्या मित्राने पाठवलेल्या फॉरवर्डवर नाही.

नाव टाकून झालं की लोक काय करतात, तर नंबर लागतो का बघू, मग कागदांचं बघू. मी पण तेच केलं. आणि तिथेच माती खाल्ली.

कारण नंबर लागल्याचा मेल आला की तिथून २८ दिवस मोजायचे, कॅलेंडरचे दिवस, म्हणजे शनिवार-रविवार, सणवार सगळे धरून. तेवढ्यात पूर्ण अर्ज भरून फी भरली नाही तर जागा गेली. मेल माझ्या स्पॅममध्ये पडला होता, मला दिसला पाचव्या दिवशी. म्हणजे राहिले २३. मग इंग्रजीचा पुरावा बघायला घेतला. या व्हिसाला फंक्शनल इंग्लिश लागतं, म्हणजे फार वरचं नाही, आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत सरासरी बँड ४.५ असला तरी पुरतो. पण मी म्हटलं परीक्षेची फी कशाला घालवा, माझी डिग्री इंग्रजी माध्यमातलीच आहे, किमान दोन वर्षांचा फुलटाइम कोर्स आणि सगळं शिकवणं इंग्रजीत असेल तर ते पण चालतं, कॉलेजमधून तसं पत्र आणू. वाचवायला गेलो फी आणि घालवले अकरा दिवस. पहिल्या दिवशी क्लार्क म्हणाले अर्ज लिहून द्या. दिला. मग सर रजेवर. मग पत्र मिळालं तर त्यात कोर्सचं वर्ष चुकलेलं. ते दुरुस्त करून आणलं तर माध्यम इंग्रजी होतं ही मुख्य ओळच गायब, नुसतं "वर्तणूक चांगली होती" असं बोनाफाइड टाइप पत्र. मी तिथल्या बाकावर बसून ते पत्र तीनदा वाचलं, रडावं की हसावं कळेना. माझी वर्तणूक कशी होती याच्याशी ऑस्ट्रेलियाला काय करायचंय हो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. कॉलेजचं पत्र सहज मिळत असेल तर बॅलटच्या आधीच आणून ठेवा आणि त्यात कोर्सचं नाव, कुठून कुठपर्यंत, फुलटाइम, आणि सगळं शिकवणं इंग्रजीत, या चार गोष्टी आहेत का ते तिथेच उभं राहून वाचा. नाहीतर सरळ परीक्षा देऊन टाका. फक्त परीक्षेचा रिझल्ट व्हिसाचा अर्ज टाकायच्या आधीच्या १२ महिन्यांतला लागतो, तेव्हा दोन वर्षांपूर्वीचा जुना स्कोअर काढून खूश होऊ नका.

दुसरी डोकेदुखी नावाची. ही आपल्याकडे जरा जास्तच आहे. पासपोर्टवर नाव आणि वडिलांचं नाव एका ओळीत आणि आडनाव वेगळं, मार्कशीटवर आडनाव पहिलं मग नाव मग वडिलांचं आणि काही ठिकाणी वर आईचं पण, पॅनवर अजून तिसराच प्रकार, आणि कुठेतरी स्पेलिंगमध्ये एक ए जास्त. तिकडच्या ऑफिसरला काय माहीत की हा एकच माणूस आहे! फॉर्ममध्ये "दुसऱ्या कुठल्या नावाने ओळखले जाता का" असा प्रश्न असतो, तिथे कागदांवर जी जी रूपं आहेत ती सगळी लिहून टाका, लपवण्यासारखं त्यात काही नाही. स्पेलिंगच चुकलेलं असेल तर ते बॅलटच्या आधी दुरुस्त करून घ्या, विशेषतः पासपोर्ट आणि पॅन, कारण रजिस्ट्रेशनला हेच दोन लागतात. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी तर हे आधी बघा.

आता बाकीचे कागद. शिक्षण बारावीनंतर किमान दोन वर्षांचं, यशस्वीरीत्या पूर्ण केलेलं, त्याच्या मार्कशीट आणि सर्टिफिकेटचे रंगीत स्कॅन, मोबाइलने वाकडातिकडा काढलेला फोटो नको. जो कागद मराठीत आहे त्याचं इंग्रजी भाषांतर लागतं, आणि भाषांतर करणाऱ्याचं पूर्ण नाव, पत्ता, फोन आणि त्याची पात्रता त्यावर हवी. पोलिस क्लिअरन्स मागू शकतात, ते पासपोर्ट सेवाच्या साइटवरून अर्ज करून मिळतं, आणि गेल्या दहा वर्षांत अजून कुठल्या देशात वर्षभर राहिला असाल तर तिथलं पण. मेडिकलसाठी मात्र आधी पळू नका, अर्ज टाकल्यावर एचएपी आयडी, म्हणजे मेडिकलसाठीचा ओळख नंबर, मिळतो, तो घेऊन त्यांनी ठरवलेल्या डॉक्टरकडेच जायचं, आपल्या फॅमिली डॉक्टरचं सर्टिफिकेट इथे उपयोगाचं नाही. मुलं असतील तर ती या व्हिसावर सोबत नेता येत नाहीत, आणि नवरा किंवा बायकोला यायचं असेल तर त्यांचा नंबर वेगळा लागायला हवा.

पैसे. सुरुवातीचा खर्च भागेल एवढी रक्कम दाखवायची असते, साधारण ५००० ऑस्ट्रेलियन डॉलर, वर परतीच्या तिकिटाचे. इथे सगळ्यांचा एकच जुगाड, काकांकडून पैसे घ्यायचे, खात्यात टाकायचे, स्टेटमेंट काढायचं आणि परत करायचे. स्टेटमेंटमध्ये तो एकच मोठा आकडा परवा आलेला असा चमकतो ना, की कुणालाही कळतं. घरच्यांनी खरंच मदत केली असेल तर तसं पत्र लावा, कुणी दिले का दिले ते लिहा. त्यापेक्षा बॅलटला नाव टाकलं त्या महिन्यापासूनच खात्यात पैसे साठवायला लागा, नंबर नाही लागला तर पैसे आपलेच आहेत, कुठे जातायत.

व्हिसाची फी वेगळी, २०२५-२६ साठी ती ६७० ऑस्ट्रेलियन डॉलर आहे आणि दर जुलैत ती वाढण्याची शक्यता धरूनच चाला. परदेशात ऑनलाइन चालणारं कार्ड आहे का, त्याचं लिमिट केवढं, हे आधी बघून ठेवा. शेवटच्या रात्री पेमेंट फेल झालं की काय होतं ते मी नाही सांगत.

फॉर्म भरताना एकच पथ्य, खोटं लिहायचं नाही. आधी कुठल्या देशाने व्हिसा नाकारला असेल तर हो लिहा आणि कारण लिहा. नकार मिळाला होता म्हणून हा पण नाकारतीलच असं नाही, पण खोटी माहिती किंवा बनावट कागद पकडला गेला तर तीन वर्षं दुसरा व्हिसा पण अडतो.

अर्ज टाकताना आणि निकाल लागताना तुम्ही ऑस्ट्रेलियाच्या बाहेर हवेत, पहिल्या ४६२ साठी हा नियम आहे. व्हिसा पासपोर्टवर चिकटवून येत नाही, मेलवर ग्रँटचं, म्हणजे व्हिसा मंजूर झाल्याचं, पत्र येतं आणि बाकी सगळं त्यांच्या सिस्टिममध्ये. ग्रँट झाल्यापासून १२ महिन्यांत कधीही तिकडे शिरायचं आणि शिरलेल्या दिवसापासून १२ महिने राहायचं, म्हणजे घाई करायची गरज नाही, इथली नोकरी नोटीस पिरियड नीट देऊन सोडा.

ग्रँटच्या पत्रात अटींचे नंबर असतात, ते लोक वाचतच नाहीत. ८५४७ म्हणजे एका मालकाकडे साधारणपणे सहा महिन्यांच्या वर काम नाही, काही अपवाद आहेत पण ते गृहीत धरू नका. ८५४८ म्हणजे शिक्षण चार महिन्यांपर्यंतच. त्यामुळे "तिकडे जाऊन मास्टर्सला ॲडमिशन घेतो" हा प्लॅन या व्हिसावर बसत नाही.

दुसऱ्या वर्षाचं मात्र आताच डोक्यात ठेवा. पहिल्या वर्षात ठरावीक भागात ठरावीक प्रकारचं तीन महिने काम केलंत, म्हणजे शेती, फळतोडणी, उत्तर ऑस्ट्रेलियातलं किंवा फार दुर्गम भागातलं हॉटेल-टुरिझमचं काम असं, तर दुसरा ४६२ मागता येतो, आणि दुसऱ्या वर्षी असं सहा महिने केलंत तर तिसरा. त्याला परत बॅलट नाही. पण कुठलंही शेत चालत नाही, पिनकोडची यादी असते, काम धरायच्या आधी त्या गावाचा पिनकोड यादीत आहे का ते स्वतः तपासा, मालक "हो हो चालतं" म्हणाला त्यावर जाऊ नका. आणि प्रत्येक पगाराची स्लिप जपून ठेवा, रोख हातात देतो म्हणणाऱ्याकडे केलेलं काम पुढे मोजायला काही पुरावाच राहत नाही.

निघायच्या आधी हेल्थ इन्शुरन्स घ्याच, भारताचा त्यांच्याशी आरोग्यसेवेचा करार नसल्यामुळे तिथली सरकारी आरोग्य योजना, मेडिकेअर, आपल्याला लागू नाही आणि तिथला दवाखाना खिसा रिकामा करतो. उतरल्यावर टॅक्स फाइल नंबर ऑनलाइन काढायचा, तो फुकट मिळतो, त्याचे पैसे मागणाऱ्या साइट टाळा. या व्हिसावाल्यांना साधारणपणे पहिल्या डॉलरपासून १५ टक्के टॅक्स लागतो, ४५ हजार डॉलरपर्यंत. कमीत कमी पगार जुलै २०२५ पासून तासाला २४.९५ डॉलर आहे, कॅज्युअल, म्हणजे कायम नाही तर लागेल तसे बोलावलेले, असाल तर त्यावर अजून २५ टक्के. कुणी "तू नवीन आहेस, अठरा देतो" म्हणालं तर हा आकडा लक्षात असू द्या. बारमध्ये दारू सर्व्ह करायची तर आरएसए सर्टिफिकेट लागतं आणि बांधकामावर जायचं तर व्हाइट कार्ड, दोन्ही छोटे कोर्स आहेत.

नंबर नाहीच लागला तर पुढच्या वर्षी परत नाव टाकायचं, ३१ वा वाढदिवस होईपर्यंत कितीही वर्षं टाकता येतं. दरम्यान ब्रिटनची पण अशीच एक स्कीम आहे भारतीयांसाठी, यंग प्रोफेशनल्स स्कीम, वय तेच १८ ते ३०, डिग्री हवी, खात्यात २५३० पाउंड, व्हिसा दोन वर्षांचा आणि तिच्या बॅलटला फी नाही. तिची खिडकी जेमतेम दोन दिवस उघडते, त्यामुळे अलार्म लावूनच बसा. कागदांची फाइल दोन्हीला बरीचशी सारखीच लागते. माझ्या फाइलमध्ये ते वर्तणूक चांगली असल्याचं पत्र अजून आहे.