पद्मिनी घ्यायची असेल तर इंजिन सगळ्यात शेवटी बघा

जुनी फियाट, म्हणजे प्रीमियर पद्मिनी, विकणारा माणूस सगळ्यात आधी बॉनेट उघडतो. "बघा की वहिनी, हाफ सेल्फात चालू," म्हणतो, आणि गाडी खरंच चालू होते. घेणाऱ्याचा चेहरा खुलतो आणि बाकीचं बघायचं राहून जातं. माझं सांगणं नेमकं उलटं आहे. आधी पत्रा बघा, मग कागद बघा, इंजिन सगळ्यात शेवटी.

हे मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात बसून सांगते आहे, म्हणून त्यामागचं कारणही सांगते. आमचं इथं लेथचं छोटं वर्कशॉप आहे आणि घरी १९७९ ची पद्मिनी आहे. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं, ६८ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ७५ मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची धाव) असलेलं. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. ते बोअर करून मिळतं, हेडचं फेसिंग होतं, म्हणजे वाकलेला तळ घासून सपाट होतो, व्हॉल्व्हच्या सीट नव्या बसतात, झिजलेला बुश लेथवर करून मिळतो. पैसे लागतात, पण काम होतं. आतून सडलेली बॉडी मात्र पूर्ववत करायला इंजिनाच्या कितीतरी पट खर्च येतो, आणि कागद नसतील तर कितीही पैसे ओता, ती गाडी रस्त्यावर तुमची म्हणून येत नाही.

पत्र्यापासून सुरुवात करू. पद्मिनी मुळात इटलीत १९५३ साली आलेल्या फियाट ११०० ची भारतीय बहीण. या गाडीला जीपसारखी वेगळी चेसिस, म्हणजे खालचा सांगाडा, नाही. बॉडी हीच चेसिस. त्यामुळे दाराखालची उंबऱ्याची पट्टी सडली, तर गाडीचा कणाच सडला असं समजायचं. बाहेरून चकाचक रंग मारलेला असतो, म्हणून जमिनीवर सतरंजी टाका आणि खाली शिरा. लाज बाळगू नका, विकणारा हसला तरी हसू दे. पायाखालचा फ्लोअर, जॅक लावायच्या जागा, मागच्या पाट्यांचे, म्हणजे लीफ स्प्रिंगचे, बॉडीला जिथं जोड आहेत ती जागा, डिक्कीत स्टेपनीखालचा पत्रा आणि बॅटरीचा ट्रे एवढ्या ठिकाणी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकून बघा. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला भदभद वाजतो. पाट्यांच्या जोडाजवळचा पत्रा खाल्लेला असेल तर मी तिथंच नमस्कार करून निघते.

रंगाखाली लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, किती भरली आहे ते कळायला मऊ कापडात गुंडाळलेलं लहान लोहचुंबक पुरतं. चाकांच्या कमानी, दारांच्या खालच्या कडा, हेडलाइटच्या भोवती ते फिरवा. जिथं चिकटत नाही तिथं पत्र्याऐवजी लांबी आहे किंवा लांबीचा थर फार जाड आहे. थोडी लांबी प्रत्येक जुन्या गाडीला असते, त्याची भीती नको. उंबऱ्यात आणि कमानीत सलग लांबी असेल तर मात्र आत काय आहे ते उकलल्याशिवाय कळणार नाही, आणि उकलायची परवानगी तुम्हाला कोणी देणार नाही.

शक्य असेल तर घाटावरची गाडी शोधा. सोलापूर, सांगली, नगरकडच्या कोरड्या हवेत राहिलेली गाडी दिसायला मळकट असली तरी तिचा पत्रा टिकलेला असतो. मुंबईत किंवा कोकण किनाऱ्यावर खाऱ्या हवेत तीन-चार दशकं काढलेली गाडी वरून कितीही देखणी असो, तिच्या दारांच्या पोटात बोट घालून बघा. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला भोकं असतात. ती रंगानं किंवा मातीनं बुजली असतील तर आत पाणी साठत आलं आहे हे नक्की.

आता कागद. आरसीवरचा चेसिस क्रमांक आणि गाडीवर ठोकलेला क्रमांक स्वतःच्या डोळ्यांनी जुळवा. कागद ठेवून पेन्सिल घासली की छाप उमटते, ती घेऊन ठेवा. आजूबाजूला वेल्डिंगच्या खुणा असतील किंवा अक्षरं वाकडीतिकडी असतील तर पुढं जाऊ नका. इंजिन क्रमांकही तसाच जुळला पाहिजे. पेट्रोल परवडत नाही म्हणून या गाड्यांत डिझेल इंजिनं बसवली गेली, कुणी सीएनजी किट लावलं आणि पुढं काढून टाकलं. यातल्या प्रत्येक बदलाची नोंद आरसीवर हवी. नाव आणि सालही ताडून बघा. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघणारी ही गाडी आधी फियाट ११०० होती, १९७२ मध्ये प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून पद्मिनी. आरसीवर १९६८ साल आणि पुढं पद्मिनी असं लिहिलेलं असेल, तर दोन गाड्यांची एक गाडी झालेली असू शकते.

आमच्या भागात सगळ्यात जास्त दिसणारी अडचण म्हणजे गाडी अजून आजोबांच्या नावावर असते. आजोबा जाऊन वीस वर्षं झाली, तीन काका, दोन आत्या, आणि गाडी दाखवणारा नातू. अशा वेळी वारसांनी आधी फॉर्म ३१ भरून गाडी एकाच्या नावावर करून घ्यायची, मगच तुम्ही मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्यायच्या. "नंतर करून देतो" यावर इसारही देऊ नका. जुनं कर्ज आरसीवर दिसत असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ हवा. गाडी दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतली असेल तर ना हरकत दाखला फॉर्म २८ वर मिळतो. १९८९ च्या आधीचा, एमएच न लागलेला जुना क्रमांक असेल तर तो ऑनलाइन दिसतो का ते बघा. दिसत नसेल तर मूळ आरटीओत जाऊन बॅकलॉग नोंद करून घ्यावी लागते, म्हणजे जुन्या वहीतली नोंद संगणकावर चढवून घ्यावी लागते, आणि ते काम विकणाऱ्यानं करायचं असतं.

पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून नोंदणीचं नूतनीकरण होतं, त्यासाठी फॉर्म २५. सोबत पर्यावरण कर. वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी हे नूतनीकरण शुल्क ऑगस्ट २०२५ पासून दहा हजार रुपये झालं आहे. मुदत संपून वर्षं झालेली गाडी स्वस्तात मिळते ती याच कारणानं. दंड आणि कर यांचा हिशेब आरटीओत विचारूनच भाव बोला. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेटही लागते.

गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असेल तर २०२१ च्या नियमांप्रमाणे तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी करता येते. क्रमांकात व्हीए ही अक्षरं येतात, शुल्क वीस हजार, मुदत दहा वर्षं, नूतनीकरणाला पाच हजार. सुरुवातीच्या पद्मिनी आता या वयात आल्या आहेत, म्हणून बरेच जण विचारतात. पण त्या नोंदणीवर गाडी रॅली, प्रदर्शन, इंधन भरणं आणि दुरुस्ती अशा ठरावीक कामांसाठीच रस्त्यावर आणता येते. नेहमीच्या वापराला ती चालत नाही. मला माझी गाडी महाद्वार रोडला भाजी आणायला न्यायची असते, लग्नाला न्यायची असते. तुमचंही तसंच असेल तर साधी नोंदणी जपा.

एवढं सगळं पटलं तर बॉनेट उघडा. आदल्या दिवशीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्यावर इंजिनाला हात लावा, गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन चोक ओढून सुरू होताना जे सांगतं ते गरम इंजिन सांगत नाही. निळा धूर म्हणजे ऑइल पिते आहे. ऑइलचं झाकण उघडून आत दुधाळ साय दिसली तर पाणी ऑइलमध्ये जातं आहे. ॲल्युमिनियमचं हेड एकदा तापलं की वाकतं, त्याचं हे लक्षण असू शकतं. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या. आकडा थोडा कमी असला तरी चालेल, पण चारांमध्ये फार फरक नको. हँडगिअरची, म्हणजे स्टिअरिंगजवळच्या गिअरची, दांडी सैल असेल तर बहुधा जोडांचे बुश गेलेले असतात, ते किरकोळ काम आहे.

गाडी घेतली की पहिल्याच महिन्यात पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या बदला. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि ही गाडी त्यासाठी बनलेली नाही. जुन्या नळ्या, गाडीतल्या पेट्रोल पंपाचा पडदा, कार्बोरेटरची पॅकिंग इथेनॉलनं फुगतात, तडकतात, आणि पेट्रोल गरम इंजिनावर टपकू लागतं. इथेनॉलला चालणारी नळी मीटरवर मिळते. कार्बोरेटरचं किट घेताना दुकानदाराला इथेनॉलचं नाव घेऊन विचारा. इथेनॉल हवेतलं पाणीही ओढतं, म्हणून टाकीत पेट्रोल महिनोन् महिने ठेवू नका. शिसं असलेलं पेट्रोल तर २००० सालीच देशभर बंद झालं. त्यानंतर हेड कधीच उघडलं नसेल आणि टॅपेट सारखे घट्ट होत असतील, तर व्हॉल्व्हच्या सीट खचत आहेत. कडक धातूच्या सीट बसवून घ्या.

सुटे भाग शोधण्यात मला गाडी चालवण्याइतकाच आनंद वाटतो. मुंबईत ऑपेरा हाऊसची दुकानं, कुर्ल्याचा सीएसटी रोड, शुक्रवारचा चोरबाजार; पुण्यात नाना पेठ आणि रविवारी-बुधवारी भरणारा जुना बाजार. जाताना जुना भाग पिशवीत घेऊन जा. फोटो दाखवून आणलेला भाग हमखास बदलायला परत जावं लागतं, कारण साल बदललं की जाळी, दिवे, मूठ सगळ्यांत बारीक फरक आहेत. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला थांबली. अशा टॅक्सींचे दरवाजे, काचा, बिजागऱ्या भंगारात आल्या. काच आणि दाराचं सामान बिनधास्त घ्या. टॅक्सीचं स्टिअरिंग, गिअरबॉक्स आणि सस्पेन्शन मात्र खूप चाललेलं असतं, ते उघडून दाखवल्याशिवाय घेऊ नका. भंगारात निघालेली अख्खी टॅक्सी कोणी गाडी म्हणून देऊ लागला तर तिची नोंदणी रद्द आहे हे विसरू नका.

जुन्या डब्यातला, कधी न वापरलेला माल मिळाला की हात शिवशिवतात. लोखंडी आणि पितळी भाग असेल तर जरूर घ्या. ब्रेकचे रबर, नळ्या, सील मात्र डबा बंद असला तरी घेऊ नका. रबर कपाटातही म्हातारं होतं, आणि ब्रेकच्या बाबतीत मी कोणाचीच समजूत ऐकून घेत नाही. व्हील सिलिंडर आतून गंजला असेल तर आमच्याकडे त्याला स्लीव्ह घालून देतात. ब्रेकचे जुने लायनर ॲस्बेस्टॉसचे असू शकतात. ड्रम उघडल्यावर ती धूळ कॉम्प्रेसरच्या हवेनं उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा. गॅरेजमधल्या पोरांना हे कोणी सांगत नाही, तुम्ही सांगा.

बंपरला क्रोम करायला टाकताना आधी तांबं, मग निकेल, मग क्रोम असे तिन्ही थर देणार का ते विचारा. थेट क्रोम स्वस्त पडतं, पण पावसाळ्यात सोलून निघतं.

चालवताना सगळ्यात मोठा फरक ब्रेकचा. चारही चाकांना ड्रम, मदतीला बूस्टर नाही. पुढच्या नव्या गाडीनं करकचून ब्रेक मारला तर तुम्ही तिच्याइतक्या लवकर थांबणार नाही, म्हणून दुप्पट अंतर ठेवा. आंबा घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करणारे लोक मी अजून बघते, आणि त्यांच्या गाडीत मी बसत नाही. साठलेल्या पाण्यातून गेल्यावर ड्रम ओले होतात. थोडं अंतर ब्रेकवर हलका पाय ठेवून चालवा, ते वाळतात. पहिला गिअर गाडी पूर्ण थांबल्यावरच टाका. उन्हाळ्यात चढावर गाडी धापा टाकून बंद पडली, तर बऱ्याचदा पेट्रोलची नळीत वाफ झालेली असते. गाडीतल्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकून चहा घ्या, तोवर ती निवते. रेडिएटरचं झाकण मात्र गरम असताना उघडायचं नाही. डिक्कीत पॉइंट, कंडेन्सर, प्लग, फॅन बेल्ट आणि पाण्याचा कॅन कायम असू द्या. टायरची नक्षी शिल्लक आहे यावर जाऊ नका. बाजूला कोरलेले चार आकडे टायर बनल्याचा आठवडा आणि साल सांगतात, ते वाचा.

विकायची वेळ आली तर गाडीच्या खालून काढलेले फोटो आधी पाठवा. गंज असेल तिथला फोटो ठळक काढा. घेणारा खरा असेल तर तो त्यावरच भरवसा ठेवतो, आणि नसेल तर तुमची खेप वाचते. दुरुस्तीच्या पावत्या, मूळ चावी, जॅक, काढून ठेवलेले जुने भाग सगळं गाडीबरोबर द्या, त्याला भावही मिळतो. गाडी ताब्यात देताना तारीख आणि वेळ लिहिलेली पावती, घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत आणि सही झालेल्या फॉर्म २९ ची प्रत स्वतःकडे ठेवा. नाव बदलेपर्यंत कायद्यानं मालक तुम्हीच असता, अपघात झाला तर नोटीस तुमच्या दारात येते. आरटीओला कळवायची राज्यातल्या व्यवहारात चौदा दिवसांची मुदत आहे. व्हिंटेज नोंदणीची गाडी असेल तर विक्रीची माहिती नव्वद दिवसांत द्यायची. घेणारा "पुढच्या महिन्यात करतो" म्हणाला, तर गाडी तोवर तुमच्याच दारात उभी राहू द्या.